बेचाळिसावा दोष

गाडी विकायची असे एकदा ठरले की माणसाला तिचे गुण आठवू लागतात. मायक्रॉनसाहेबांनी मात्र ठरल्याच्या दिवशी दुपारी टेबलाशी बसून, पट्टीने रकाने आखून, तिच्या दोषांची यादी करायला घेतली.

मायक्रॉन हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ते चौतीस वर्षे तपासणी विभागात होते, आणि ही पदवी त्यांना तिथल्या कामगारांनी बहाल केली होती. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तेवढ्यानेही एखादा शाफ्ट जाड निघाला तर साहेब तो परत पाठवत. परत पाठवताना आरडाओरडा नाही, उपदेश नाही. लाल चिठ्ठीवर दोष लिहायचा, तारीख घालायची, चिठ्ठी तारेने त्या भागाला बांधायची आणि पुढचा भाग हाती घ्यायचा. या माणसाला स्वर्गात नेले तरी तो आधी दाराची चौकट मोजेल, असे लेथवरचा एक जुना टर्नर सगळ्यांदेखत म्हणाला होता. साहेबांना त्यातला विनोद कळला नाही. चौकट मोजण्यात वावगे काय, असे त्यांनी घरी येऊन बायकोला विचारले होते.

त्यांची बायको सोफ्यांची गवसणी आणि पडदे शिवून देत असे. पुढच्या खोलीत तिचे शिलाईयंत्र, कापडाचे तागे आणि गिऱ्हाइकांचा राबता. बाजूच्या गॅरेजमध्ये साहेबांचे राज्य. ती बोलायला फटकळ आणि हाताने नाजूक. दोघांचा संसार या व्यवस्थेत बरा चालला होता.

गाडी त्यांच्या आयुष्यात आली ती साहेबांच्या वयाच्या बावन्नाव्या वर्षी. एका बंद पडलेल्या छापखान्याच्या मागच्या शेडमध्ये फाटक्या ताडपत्रीखाली ती उभी होती. ब्रिटिश बनावटीची, दोन माणसांची, बिनछपराची स्पोर्ट्स कार. नाक लांब, पाठ आखूड, आणि उंची इतकी कमी की आत बसून शेजारी पाहिले तर ट्रकचा फक्त आस दिसावा. तळाचा पत्रा गंजून गेल्यामुळे पायांखाली जमीन दिसत होती आणि सीटखाली एका कोंबडीने बस्तान बसवले होते. शेडच्या मालकाने गाडी कवडीमोलाने दिली. कोंबडी द्यायला तो तयार नव्हता.

पुढची नऊ वर्षे साहेबांच्या संध्याकाळी आणि सुट्ट्या गॅरेजमध्ये गेल्या. गाडीचे सगळे नटबोल्ट इंचाच्या मापाचे. साहेबांची हयात मिलिमीटरमध्ये गेलेली. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी इंची पान्यांचा संच घेतला आणि नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्यासारखी मापे पाठ केली. पत्रा कापून नवा बसवला. दोन्ही कार्ब्युरेटर खोलून, धुऊन, जुळवून घेतले. चाकांच्या तारांच्या आऱ्या एकेक करून ताणल्या. गडद हिरव्या रंगाचे सात थर चढवले आणि प्रत्येक थर पाण्याच्या पॉलिश पेपरने घासला. सीटचे काम बायकोने केले: तपकिरी चामडे, प्रत्येक सीटला अकरा उभ्या पट्ट्या, आणि हे सारे गिऱ्हाइकांची कामे सांभाळून.

त्यानंतरची तीन वर्षे दर रविवारी सकाळी दोघे गाडीतून बाहेर पडत. गावाबाहेरच्या टेकडीपर्यंत बावीस किलोमीटर जायचे, वरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि परत यायचे. साहेब या फेरीला ‘चाचणी’ म्हणत. बायको तिला काहीच म्हणत नसे. पण शनिवारी संध्याकाळी ती डोक्याचा रुमाल धुऊन वाळत घाली.

घोडे अडले ते साहेबांच्या गुडघ्यांपाशी. एका रविवारी पेट्रोल पंपावर ते गाडीतून उतरायला गेले आणि उतरताच येईना. शेवटी पंपावरचा माणूस आणि मागे रांगेत उभा असलेला एक दूधवाला अशा दोघांनी त्यांना बगलेत धरून पोत्यासारखे बाहेर काढले. डॉक्टरांनी तपासून निर्वाणीचे सांगितले की दोन्ही गुडघे बदलावे लागतील, पहिल्याची शस्त्रक्रिया महिन्याभराने, एका गुरुवारी. आणि शस्त्रक्रियेनंतर इतक्या खोल सीटवर कधीही बसायचे नाही.

मुलगी परगावी नोकरीला होती. ती फोनवर म्हणाली की विकायची घाई कशाला, राहू दे गॅरेजमध्ये शोभेला. त्यावर साहेबांनी तिला शांतपणे समजावले की उभ्या गाडीचे रबर कडक होते, पेट्रोलचा चिकट गोंद होतो, ब्रेक जागच्या जागी धरतात. नऊ वर्षांची मेहनत दोन वर्षांत मातीमोल होते. गाडी अशाच माणसाकडे गेली पाहिजे जो ती दर आठवड्याला चालवेल. ही एवढी एकच अट होती, आणि ती गुरुवारच्या आत पूर्ण व्हायला हवी होती. त्यानंतर त्यांना कुणाला गाडी चालवून दाखवता येणार नव्हती.

तर ती यादी. जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर जाहिरात टाकण्याचे मुलीने कबूल केले होते. मजकूर साहेबांनी द्यायचा होता. त्यांनी तो आयुष्यभर लिहीत आले तसाच लिहिला: क्रमांक, निरीक्षण, शेरा. दोष एकंदर एक्केचाळीस. नमुन्यादाखल काही देतो. ‘४. डावे दार बंद होताना उजव्यापेक्षा जास्त आवाज करते.’ ‘११. थंड इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होत नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात होते.’ ‘१९. उभ्या गाडीखाली बारा तासांत तेलाचे तीन थेंब पडतात. चौथा पडल्यास कळवावे.’ ‘२३. कापडी छत चढवण्यास दोन माणसे व दहा मिनिटे लागतात. पाऊस त्याआधी येतो.’

सदतिसावा दोष असा होता: ‘डावी सीट, सातवी पट्टी. दोन टाके वाकडे.’

बायकोने यादी वाचली, चष्मा काढला आणि विचारले, “हे टाके कधी वाकडे झाले, आठवतं का?”

साहेबांना आठवत नव्हते.

“तुम्ही गाडीखालून ओरडलात, अर्ध्या इंचाचा पाना दे म्हणून. मी हातातलं टाकून उठले. म्हणून वाकडे.”

साहेबांनी मान डोलावली आणि सदतिसाव्या दोषापुढे शेरा लिहिला: ‘कारण : कामात व्यत्यय.’ आपण तिला न्याय दिला असे त्यांना मनापासून वाटले. ती त्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

मुलीने डोक्याला हात लावला. लोक अशा जाहिरातीत चार गोड शब्द आणि एक चांगला फोटो टाकतात, असे तिने परोपरीने सांगून पाहिले. साहेबांनी फोटोला परवानगी दिली. गोड शब्दांना दिली नाही. जाहिरात जशीच्या तशी गेली.

परिणाम व्हायचा तोच झाला. तीन आठवड्यांत जे फोन आले त्यांपैकी एकाने भंगारवाल्याचा नंबर हवा का म्हणून विचारले, आणि दुसऱ्याने मित्रांना स्पीकरवर ऐकवत यादी मोठ्याने वाचून दाखवायला लावली. साहेबांनी ती पूर्ण वाचली. कुणीतरी शेवटपर्यंत ऐकले याचे त्यांना समाधान वाटले. बायको स्वयंपाकघरातून सगळे ऐकत होती.

शस्त्रक्रियेला आठवडा उरला असताना हॉटेलवाला आला. भारदस्त माणूस, अंगावर कडक इस्त्रीचे कपडे, बोलणे अघळपघळ. गॅरेजमध्ये शिरताच त्याने खिशातून टेप काढला. मोजणारा माणूस पाहून साहेबांना क्षणभर आपलेपणा वाटला. त्याने लांबी घेतली, रुंदी घेतली, आणि समाधानाने सांगितले की हॉटेलच्या दारातून सहज जाईल. त्याच्या नव्या हॉटेलात स्वागतकक्षाच्या मधोमध काचेचा चौथरा होणार होता, खालून दिवे लागणार होते, आणि त्यावर ही गाडी. इंजिन ऐकायचे का, असे साहेबांनी विचारले. तो हसला. वजन फार झाले तर इंजिन काढूनच टाकू, म्हणाला, म्हणजे तेलाचे डागही पडणार नाहीत. किंमत त्याने एका शब्दाने मान्य केली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवा, सोमवारी ट्रक पाठवतो, असे सांगून तो गेला. यादी त्याने उघडूनही पाहिली नव्हती.

दुसरे गिऱ्हाईक नव्हते, गुरुवार तोंडावर आला होता. मुलीने सांगितले की निदान जपतील तरी.

शनिवारी सकाळी एका बाईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार न करता त्यांनी थेट विचारले, “अठ्ठावीस नंबरला लिहिलंय, ब्रेक मारल्यावर गाडी किंचित डावीकडे ओढते. किंचित म्हणजे किती?”

“साठच्या वेगाला एकोणीस सेंटिमीटर,” साहेब म्हणाले. “तीन वेळा मोजून सरासरी काढली आहे.”

पलीकडे कागदावर पेन्सिल फिरल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “उद्या सकाळी येते.”

रविवारी त्या आठ वाजता दारात हजर होत्या. पन्नाशी पार केलेल्या, केस आखूड कापलेले, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेले. सव्वीस वर्षे त्यांनी सरकारी दवाखान्याची रुग्णवाहिका चालवली होती आणि मागच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या होत्या. हातात यादीची छापील प्रत होती आणि कानावर पेन्सिल. चहाला नाही म्हणून त्या सरळ गॅरेजमध्ये गेल्या आणि पहिल्या दोषापासून सुरुवात केली.

पुढचे दोन तास साहेबांच्या आयुष्यातल्या उत्तम तासांपैकी होते. बाई जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरपटत गेल्या, दारे उघडून मिटून आवाज ऐकले, तेलाचे थेंब मोजले. एकेका दोषापुढे खूण होत गेली. अकराव्याशी वाद झाला. इंजिन दुसऱ्याच प्रयत्नात सुरू झाले, तेव्हा हा दोष खोडा, असे त्यांचे म्हणणे पडले. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही म्हणून साहेबांनी नकार दिला. सदतिसाव्यापाशी बाईंनी सातवी पट्टी बोटाने चाचपली, टाके शोधले, आणि मागे उभ्या असलेल्या बायकोला म्हणाल्या, “ताई, हे मला दिसतच नाहीयेत.” बायकोचा चेहरा तीन आठवड्यांनी पहिल्यांदा खुलला.

मग बाईंनी एक चमत्कारिक मागणी केली. गाडी आधी साहेबांनी चालवायची आणि त्या बाजूला बसणार. त्यामागचे कारणही त्यांनी सांगितले. नवी रुग्णवाहिका ताब्यात आली की त्या आधी मागे जाऊन स्ट्रेचरवर आडव्या होत आणि सहकाऱ्याला सबंध गावातून गाडी फिरवायला लावत. चालवणाऱ्याला गाडी कधीच पूर्ण कळत नाही, ती मागे पडलेल्याला कळते, असा त्यांचा अनुभव होता.

साहेबांना दारापाशी स्टूल ठेवून, बायकोचा खांदा धरून आत उतरवण्यात आले. गाडी निघाली. तिसऱ्या किलोमीटरला बाईंनी डावा पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

“डाव्या घोट्यावर गरम हवा येतेय,” त्या म्हणाल्या. “हे यादीत नाही.”

“शक्य नाही,” साहेब म्हणाले.

त्यांनी गाडी कडेला घेतली. दोघांनी जागा बदलल्या. साहेबांना या कामी बराच वेळ लागला आणि एका सायकलस्वाराची मदत घ्यावी लागली. डाव्या सीटवर ते स्थिरावले आणि तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले की नऊ वर्षे जिचा प्रत्येक स्क्रू आपण हाताळला आणि तीन वर्षे जी चालवली, तिच्या या सीटवर चालत्या गाडीत आपण एकदाही बसलेलो नाही. बाईंनी गाडी पुढे काढली. दोन किलोमीटर काही नाही. मग घोट्यापाशी ऊब जाणवू लागली, वाढत गेली, आणि कुणी तापलेली इस्त्री जवळ आणून धरावी तशी तिथेच राहिली.

गाडी घराकडे वळली. फाटकाशी बायको उभी होती. तिला त्यांनी बसल्या जागेवरूनच विचारले, डाव्या बाजूला पायाशी गरम हवा येते हे तिला कधी जाणवले होते का.

“ते होय?” ती म्हणाली. “ते पहिल्या दिवसापासून आहे.”

“तीन वर्षं? मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तुम्ही गाडी खोलून सहा महिने ठोकळ्यांवर ठेवली असती. मला रविवारी फिरायला जायचं होतं.” आणि मग, पाहुणीकडे वळून, “मी डाव्या पायात जाड मोजा घालायचे. फक्त डाव्या. यांनी एकदा विचारलं, तर थंडी वाजते म्हटलं. पुढे विचारलंच नाही, एकाच पायाला का वाजते म्हणून.”

बाई स्टिअरिंगवर डोके टेकवून हसल्या. साहेब हसले नाहीत, पण त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. तपासणीत चौतीस वर्षे घालवलेल्या माणसाच्या शेजारी बसून कुणीतरी तीन वर्षे एक दोष मोज्यात लपवून ठेवला होता, आणि तोही फिरायला मिळावे म्हणून. त्यांनी खिशातून पेन काढले, बाईंच्या प्रतीवर एक्केचाळिसाव्या ओळीखाली रेघ मारली आणि लिहिले: ‘४२. चालत्या गाडीत डाव्या प्रवाशाच्या घोट्यावर गरम हवा. शेरा : तपासनीस त्या जागी बसला नव्हता.’

इंजिन आणि माणसे यांच्यामधल्या पत्र्यात एक छिद्र निघाले. तिथून पूर्वी हीटरची नळी जात असावी. नळी काढली गेली आणि छिद्रावर बसायचे रबरी बूच कुणी बसवलेच नाही. कुणी म्हणजे साहेबांनीच. हे बुजवल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, असे त्यांनी जाहीर केले.

“जाणार कुणाकडे, ते ठरलं का?” बायकोने विचारले. हॉटेलवाल्याला संध्याकाळपर्यंत कळवायचे होते.

साहेबांनी बाईंना विचारले की त्या ही गाडी कुठे चालवणार.

“कुठे म्हणजे?” बाई जरा गोंधळल्या. “मिळेल तिकडे. सव्वीस वर्षं मी पोहोचायच्याच गडबडीत होते हो. लोक बाजूला व्हायचे, मी जायची. रस्ता कसा आहे ते बघितलंच नाही कधी. आता भरपूर वळणं असलेला कुठला तरी बघेन.”

“वाटेत बंद पडली तर?”

“पडणारच. अकरा, चौदा आणि एकतीस नंबरला तुम्हीच लिहिलंय.”

साहेबांनी तिथल्या तिथे हॉटेलवाल्याला फोन लावला. क्षमस्व, गाडीत आज आणखी एक दोष निघाला आहे, असे ते म्हणाले. पलीकडून मोठ्या मनाने सांगण्यात आले की काळजी करू नका, ती तर चौथऱ्यावर उभीच राहणार आहे, मग दोष कसला.

“म्हणूनच,” साहेब म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

बूच बाजारात मिळेना, तेव्हा बायकोने ते जाड रबराच्या तुकड्यातून कापून, कडेला चामड्याची झालर शिवून तयार केले. बसवण्याचे कामही तिच्याच गळ्यात पडले, कारण तिथपर्यंत वाकणे साहेबांच्या गुडघ्यांच्या आवाक्यात नव्हते. मंगळवारी दुपारी ती पाय सीटवर आणि डोके पॅडलपाशी अशा अवस्थेत आडवी झाली; साहेब स्टुलावर बसून सूचना देत राहिले. सूचना तिसऱ्यांदा आल्यावर तिने आतूनच विचारले की त्यांना यायचे आहे का इथे. बुधवारी बाई गाडी घेऊन गेल्या. त्यांनी कोपऱ्यावर वळताना हात बाहेर काढून इशारा दिला, जुन्या पद्धतीने, आणि साहेब म्हणाले की हात तीन इंच वर हवा होता.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. घरी आल्यावर आठवड्याभराने, भर दुपारी, साहेब वॉकर धरून खिडकी ते दार अशा ठरवून दिलेल्या फेऱ्या मारत असताना फोन वाजला. बायकोने उचलला. ऐकून तिने तो त्यांच्याकडे दिला आणि बसायला खुर्ची पुढे सरकवली.

बाई कुठल्याशा घाटात होत्या. गाडी आचके देत बंद पडली होती. आवाजात काळजी अशी नव्हती. वारा मात्र खूप होता.

साहेबांनी विचारले, किल्ली फिरवल्यावर मागून टिकटिक ऐकू येते का. येत नव्हती. मग त्यांनी सांगितले की उजव्या सीटच्या मागे खाली हात घाला, एक गोल डबी लागेल, तो पेट्रोलचा पंप. पान्याच्या दांड्याने त्यावर दोनदा ठोका. जोरात नाही, दार वाजवतो तसं.

दोन ठोके ऐकू आले. मग टिकटिक. मग इंजिन, तिसऱ्या प्रयत्नात. बाई काहीतरी ओरडल्या ते वाऱ्यात गेले. फोन बंद करायचे त्या विसरल्या असाव्यात, कारण तो सीटवर टाकल्याचा मऊ आवाज आला आणि पाठोपाठ पहिला गिअर, दुसरा, एक लांबलेले वळण.

“तिसरा उशिरा टाकला,” साहेब पुटपुटले.

फेऱ्या राहिल्यात, निम्म्यासुद्धा झालेल्या नाहीत, असे बायकोने सांगितले आणि फोन घेण्यासाठी हात पुढे केला. साहेबांनी तो दुसऱ्या कानाला लावला. मग काहीशा नाइलाजाने मधोमध धरला, आणि ती खुर्चीच्या हातावर टेकून, कान जवळ नेऊन ऐकू लागली.